कोरोनात मदत कुणापर्यंत पोचली? केळीचा कंटेनर, गिरणीचं सूत आणि अजिंठ्याचा गाईड

ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं म्हणणाऱ्यांसाठी एपिसोडची ही लेखी प्रत. बोलताना अडखळलेली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

००:०० माणशी १५ हजार

आजचा विषय नाव ऐकून सरकारी वाटेल, पण शेवटपर्यंत थांबा, कारण तो तुमच्या घरातल्या धंद्यापर्यंत येणार आहे.

१२ मे २०२० ची रात्र आठवा. पंतप्रधान टीव्हीवर आले आणि २० लाख कोटींचं पॅकेज जाहीर झालं. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत नाहीतर कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असतील. लगेच व्हॉट्सॲपवर हिशेब फिरायला लागले. २० लाख कोटी भागिले १३० कोटी, म्हणजे माणशी १५ हजार. कधी जमा होणार?

ते तसं जमा व्हायचंच नव्हतं. मग ते २० लाख कोटी होते तरी काय? सगळं पॅकेज उलगडत बसलो तर सकाळ होईल. म्हणून आज फक्त दोन धंदे घेऊ: निर्यात आणि पर्यटन. हेच दोन का? कारण दोघांचं गिऱ्हाईक बाहेरचं. एक जण माल गिऱ्हाइकाकडे पाठवतो, दुसरा गिऱ्हाइकाला आपल्याकडे बोलावतो. मार्च २०२० मध्ये दोघांचे रस्ते एकाच महिन्यात बंद झाले. सरकारने दोघांनाही मदत दिली. पण दोन वर्षांनी बघितलं तर एक उठून पळायला लागला होता आणि दुसरा अजून भिंतीला धरून उभा होता. असं का झालं, ते आज समजून घेऊ.

०१:५० आपल्याकडचे तीन माल

आपल्या खानदेशातली तीन उदाहरणं घेतो.

पहिलं, केळी. रावेर, यावल, चोपडा. जगात पिकणाऱ्या केळीपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात पिकतो, आणि त्यात जळगाव जिल्ह्याचं नाव मोठं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय मिळालं, म्हणजे भौगोलिक मानांकन.

दुसरं, सूत. धुळे-जळगाव म्हणजे कापूस. आमच्या शिरपूरकडे जिनिंग आहेत, सूतगिरणी आहे, कापडाचे कारखाने आहेत. कापसाच्या सुताचा एक मोठा भाग देशाबाहेर जातो.

तिसरं, अजिंठा. नकाशात लेणी खानदेशात नाहीत, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात आहेत. पण रेल्वेने येणारा पर्यटक बऱ्याचदा जळगावला नाहीतर भुसावळला उतरतो आणि तिथून गाडी करतो. जळगावपासून लेणी साधारण ६० किलोमीटर. त्यामुळे त्या पर्यटकावर जळगावातले लॉजवाले, गाडीवाले, फर्दापूरच्या टी पॉइंटचे दुकानदार, लेण्यांतले गाईड, सगळ्यांचं घर चालतं.

आता या तीन मालांमधला फरक बघा, कारण पुढचा सगळा एपिसोड त्यावर उभा आहे. सूत गोदामात ठेवता येतं. भाव पडेल, व्याज चढेल, पण सहा महिन्यांनी ते विकता येतं. केळीचा घड एकदा कापला की दिवस मोजायला लागतात. कोल्ड स्टोरेज आणि रीफर कंटेनर मिळाला तर थोडी मुदत वाढते, एवढंच. आणि लॉजची खोली? आजची रात्र रिकामी गेली की तो माल आजच सडला. उद्या तुम्ही कालची रात्र विकू शकत नाही. गाईडच्या दिवसाचंही तसंच.

म्हणजे सुताची विक्री लांबते आणि खोलीची विक्री बुडते. लांबलेल्या विक्रीला कर्ज उपयोगी पडतं. बुडालेल्या विक्रीला कर्ज दिलं, तर ते फेडायचं कशातून?

०४:१० एका महिन्यात सगळं बंद

तारखा भरभर सांगतो. १३ मार्च २०२० पासून पर्यटक व्हिसा स्थगित. १७ मार्चपासून पुरातत्त्व खात्याची स्मारकं बंद, त्यात अजिंठा-वेरूळही. त्याच आठवड्याच्या शेवटी आंतरराष्ट्रीय विमानं बंद. २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन.

एप्रिल २०२० मध्ये भारताची मालाची निर्यात आदल्या वर्षीच्या एप्रिलच्या तुलनेत ६० टक्क्यांनी घसरली. महिन्याभरात फक्त १० अब्ज डॉलरच्या आसपास माल गेला.

अजिंठा-वेरूळ उघडले १० डिसेंबर २०२० ला. जवळपास नऊ महिने. मग एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली आणि स्मारकं पुन्हा बंद, ती जूनच्या मध्यापर्यंत.

या काळात आलेली मदत तीन प्रकारात मांडता येते: मुदत, हमी आणि परतावा. एकेक करून बघू.

०५:२० मदत नंबर एक: मुदत

मुदत म्हणजे "आत्ता देऊ नका, नंतर द्या".

२७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची सूट जाहीर केली आणि पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. यालाच सगळे मोरॅटोरियम म्हणत होते. अनेकांना वाटलं हप्ते माफ झाले. तसं नव्हतं. व्याज चालूच होतं. नंतर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर व्याजावरचं व्याज तेवढं सरकारने परत दिलं. मूळ व्याज भरावंच लागलं.

निर्यातदारांसाठी एक वेगळी मुदत होती आणि ती खरंच कामाची होती. नियम असा आहे की माल बाहेर पाठवला की त्याचे पैसे ठरावीक काळात भारतात यायला हवेत. तेव्हा ही मुदत नऊ महिने होती. पैसे आले नाहीत तर बँक विचारते, फायली अडकतात, पुढचे लाभ थांबतात. आता समजा तुम्ही सूत बांगलादेशला पाठवलंय आणि तिथला कारखाना बंद पडलाय, कारण युरोपातल्या दुकानांनी कपड्यांच्या ऑर्डर थांबवल्यात. तो म्हणतो, "पैसे देतो भाऊ, पण आत्ता नाही." चूक तुमची नाही, त्याचीही नाही. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२० ला ही मुदत पंधरा महिने केली, ३१ जुलै २०२० पर्यंत पाठवलेल्या मालासाठी. सरकारच्या खिशातून एक रुपया गेला नाही, पण कितीतरी निर्यातदार नियमात राहिले. निर्यातीसाठी घेतलेल्या कर्जाची मुदतही वर्षावरून पंधरा महिने झाली, आणि छोट्या निर्यातदारांना व्याजात मिळणारी सवलत पुढे चालू राहिली.

पर्यटनवाल्याला यातलं काय मिळालं? फक्त हप्त्यांची सूट. नवीन कमाई शून्य, आणि ऑगस्टनंतर हप्ता पुन्हा सुरू. तेव्हा अजिंठा उघडायला अजून तीन महिने बाकी होते.

०७:४० मदत नंबर दोन: हमी

आता मोठा आकडा येतो. २० लाख कोटींतले ३ लाख कोटी एका योजनेचे होते. नाव ईसीएलजीएस, म्हणजे तातडीची कर्ज हमी योजना.

तीन लाख कोटी सरकारने वाटले नाहीत. सरकार बँकेला म्हणालं, "तू या धंदेवाल्याला कर्ज दे. त्याने बुडवलं तर पूर्ण रक्कम मी भरतो." पैसे बँकेचे, फेडायचे धंदेवाल्याने, सरकार फक्त जामीनदार. आपल्याकडे पतसंस्थेच्या कर्जाला मामा जामीन राहतो ना, तसं. मामा जामीन राहिला म्हणजे मामाने पैसे दिले असं होत नाही.

किती कर्ज मिळणार? २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या नावावर जेवढं कर्ज बाकी होतं, त्याच्या २० टक्के. वेगळं तारण नको. बँकेचं व्याज जास्तीत जास्त ९.२५ टक्के. चार वर्षांची मुदत, पहिलं वर्ष मुद्दल नाही, फक्त व्याज.

हिशेब करून बघू. समजा शिरपूरजवळ हायवेवर एकाचं हॉटेल आहे, आणि त्या तारखेला १० लाखांचं कर्ज बाकी होतं. त्याला मिळाले २ लाख. पहिल्या वर्षी फक्त व्याज, साधारण १८,५००. मग ३६ महिने, महिन्याला सुमारे ६,३८० चा हप्ता. दोन लाखांचे शेवटी अडीच लाखांच्या आसपास होतात. आणि हे जुन्या १० लाखांच्या हप्त्याच्या वर.

सूतगिरणीला हे झेपतं. ती त्या पैशातून कापूस घेते, मजुरी देते, सूत काढते आणि पुढच्या वर्षी विकते. हॉटेलवाला त्या २ लाखांत काय करतो? बंद हॉटेलचं वीजबिल, आचाऱ्याचा पगार आणि घरखर्च. विकायला काही तयार झालंच नाही.

आता दुसरी गोष्ट. समजा त्याच हायवेवर दुसरा एक जण आहे. बापाने शिकवलेलं की कर्ज काढू नको, म्हणून सगळं स्वतःच्या पैशावर उभं केलं. त्याचं २९ फेब्रुवारीला बाकी कर्ज शून्य. शून्याचे २० टक्के किती? शून्यच. ज्याने आयुष्यभर उधारी टाळली, त्याचं नाव या यादीत येतच नाही.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला हे डेटाबेसच्या क्वेरीसारखं दिसतं. अट टाकली की अमुक तारखेला खात्यात अमुक बाकी असलेले लोक दाखव. अटीत न बसणारा माणूस नाकारला जात नाही, तो दिसतच नाही. त्याला "तुमचा अर्ज नामंजूर" असा मेसेजसुद्धा येत नाही.

१०:२० पर्यटनाची आठवण उशिरा आली

सरकारला हे अजिबात कळलं नाही असं नाही. पण उशिरा कळलं. ३१ मार्च २०२१ ला या योजनेचा तिसरा भाग आला, ईसीएलजीएस ३.०, खास हॉटेल, प्रवास आणि पर्यटनासाठी. यात २० ऐवजी ४० टक्के. मुदत सहा वर्षं आणि पहिली दोन वर्षं मुद्दल नाही. अटी आधीपेक्षा खूप चांगल्या. पण तारीख बघा. लॉकडाऊनला वर्ष उलटून गेलं होतं, आणि पंधरा दिवसांत दुसऱ्या लाटेने स्मारकं पुन्हा बंद झाली. २०२२ च्या बजेटमध्ये या योजनेत अजून ५० हजार कोटींची हमी फक्त याच क्षेत्रासाठी वाढवली.

मग २८ जून २०२१ ला गाईड लोकांची आठवण झाली. पर्यटन मंत्रालयाने आणि राज्यांनी मान्यता दिलेल्या १०,७०० गाईडना प्रत्येकी १ लाखापर्यंत, आणि मान्यताप्राप्त टूर कंपन्यांना १० लाखांपर्यंत. तारण नाही, प्रोसेसिंग फी नाही. पण हेही कर्जच, सरकार जामीनदार.

आणि इथे "मान्यताप्राप्त" हा शब्द महत्त्वाचा आहे. लेण्यांजवळ पर्यटकावर पोट असणारे किती प्रकारचे लोक असतात? मान्यता असलेला गाईड, मान्यता नसलेला पण वर्षानुवर्षं माहिती सांगणारा माणूस, रंगीत दगड आणि पुस्तकं विकणारे, चहावाले, डोली उचलणारे, गाडीचे ड्रायव्हर. एक लाखाची योजना यातल्या पहिल्यासाठी होती.

बाकीच्यांसाठी काय? टपरी-हातगाडीवाल्यांसाठी १ जून २०२० ला पीएम स्वनिधी आली होती, १० हजारांचं खेळतं भांडवल, वेळेवर फेडलं तर व्याजात ७ टक्के सूट. चांगली योजना. पण ती शहरी फेरीवाल्यांसाठी. शिरपूरच्या नगरपालिकेच्या हद्दीतला भाजीवाला तिच्यात बसतो. फर्दापूर हे गाव आहे, तिथे नगरपालिका नाही. जगप्रसिद्ध लेण्यांच्या पायथ्याशी धंदा करूनही तिथला विक्रेता योजनेच्या नजरेत शहरी फेरीवाला नव्हता.

१२:३० मदत नंबर तीन: परतावा

आता निर्यातदारांना मिळणारा पैसा. याला लोक सबसिडी म्हणतात, पण जरा थांबा.

शिरपूरहून सुताचा ट्रक न्हावाशेवा बंदराला निघाला. डिझेल भरलं, त्यावर राज्याचा कर लागला. डिझेल जीएसटीत नाही, त्यामुळे तो कर परत मिळत नाही. गिरणीने वीज वापरली, त्यावर विद्युत शुल्क. कापूस बाजार समितीतून आला, तिथे सेस. हे सगळं सुताच्या किमतीत मुरलं. परदेशातला खरेदीदार म्हणतो, "तुमच्या राज्याचा डिझेलवरचा कर मी का भरू?" व्हिएतनामचं सूत त्याला स्वस्त पडतं. म्हणून जगभर एक तत्त्व मानलं जातं की माल निर्यात करा, कर निर्यात करू नका. मुरलेला कर सरकारने निर्यातदाराला परत द्यायचा.

१ जानेवारी २०२१ पासून यासाठी आलेली योजना म्हणजे रोडटेप. मालाच्या किमतीच्या ठरावीक टक्के रक्कम तुमच्या ऑनलाइन खात्यात क्रेडिट म्हणून जमा होते, २०२१ मध्ये जाहीर झालेल्या दरांत जास्तीत जास्त ४.३ टक्के. समजा तुमच्या मालाचा दर १ टक्का आहे आणि १० लाखांचा माल पाठवला, तर १० हजारांचं क्रेडिट. ते रोख नसतं. त्यातून आयातीवरची कस्टम ड्युटी भरता येते. तुम्ही आयात करत नसाल तर आयात करणाऱ्याला थोड्या कमी पैशात विकायचं.

आता हे कोरोनासाठी आलं का? नाही. आधीची एमईआयएस नावाची योजना सरळ बक्षीस दिल्यासारखी होती. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि ३१ ऑक्टोबर २०१९ ला निकाल भारताच्या विरोधात गेला. योजना बदलायचीच होती, ती नेमकी महामारीत बदलली. त्यात निर्यातदारांची फरफट झाली. जुनी योजना डिसेंबर २०२० ला संपली, शेवटच्या चार महिन्यांसाठी एका निर्यातदाराला २ कोटींची मर्यादा लागली. नवी जानेवारीत सुरू झाली, पण तिचे दर जाहीर झाले १७ ऑगस्ट २०२१ ला. साडेसात महिने परतावा किती मिळणार हे माहीत नसताना परदेशी खरेदीदाराला भाव सांगायचा होता. सूतवाल्यांसाठी मात्र एक जमेची बाजू झाली. कापसाचं सूत जुन्या योजनेत नव्हतं, नव्या योजनेत ते आलं.

आणि ९ सप्टेंबर २०२१ ला सरकारने ५६,०२७ कोटी रुपये निर्यातदारांना देण्याची घोषणा केली. ४५ हजारांहून जास्त निर्यातदार, त्यातले सुमारे ९८ टक्के छोटे. बातमी मदतीसारखी आली. पण त्यातला बराच मोठा भाग मागच्या वर्षांची थकबाकी होती, म्हणजे निर्यातदारांचेच अडकलेले पैसे. अडकलेले पैसे सुटले की धंद्याला जीव येतो, यात वाद नाही. पण थकबाकी फेडणं आणि मदत करणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

१५:१० केळी गेली, कांदा अडला

केळीचं काय झालं? शेतमाल पाठवताना खरा खर्च भाड्याचा. रीफर कंटेनर साध्या कंटेनरपेक्षा महाग. त्यासाठी केंद्राची एक योजना २०१९ पासून होती, ठरावीक शेतमालाच्या जहाज किंवा विमान भाड्याचा काही भाग परत देणारी. ती मार्च २०२१ पर्यंत वाढवली, आणि पुढच्या वर्षासाठी दर समुद्रमार्गाला ५० टक्क्यांनी आणि विमानाला १०० टक्क्यांनी वाढवले. देशातल्या देशात माल पोचवायला ऑगस्ट २०२० पासून किसान रेल्वे सुरू झाल्या, भाड्यात निम्मी सूट. पहिली देवळालीहून दानापूरला गेली. नंतर रावेर-सावद्याची केळीही दिल्लीकडे अशीच जाऊ लागली.

जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन जीआय केळी दुबईला गेली. देशाची केळी निर्यात २०१८-१९ मध्ये १.३४ लाख टन होती, २०१९-२० मध्ये १.९५ लाख टन झाली. २०२०-२१ च्या पहिल्या अकरा महिन्यांत, म्हणजे ऐन कोरोनात, १.९१ लाख टन. पडली नाही! लोक विमानात बसत नव्हते, पण केळी खात होते.

याच काळात एक उलटी गोष्ट झाली, धुळे-नाशिकवाले विसरणार नाहीत. एका हाताने निर्यातीला मदत चालू असताना १४ सप्टेंबर २०२० ला सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, कारण शहरात भाव वाढले होते. बंदी उठली १ जानेवारी २०२१ ला. ज्याच्या चाळीत कांदा होता, त्याच्यासाठी भाड्याची सूट, व्याजाची सवलत, सगळं एका नोटिफिकेशनने शून्य झालं. निर्यातदाराला पैशाइतकीच एका गोष्टीची गरज असते, ती म्हणजे उद्या दार उघडं असेल याची खात्री.

१६:५० मग फरक कुठे पडला?

२०१९-२० मध्ये भारताची मालाची निर्यात ३१३ अब्ज डॉलर होती. २०२०-२१ मध्ये २९१. आणि २०२१-२२ मध्ये ४२२ अब्ज! एका वर्षात आधीचे सगळे विक्रम मोडले.

पर्यटन? २०१९ मध्ये १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक भारतात आले. २०२० मध्ये २७ लाख, त्यातले बहुतेक लॉकडाऊनच्या आधीच येऊन गेलेले. २०२१ मध्ये १५ लाख.

निर्यात उठली ती योजनांमुळे का? मला तसं वाटत नाही. जगात मागणी परत आली, अमेरिका-युरोपने आपल्या लोकांच्या हातात पैसे दिले, लोकांनी वस्तू घेतल्या. कंटेनरचं भाडं आभाळाला भिडलं तरी माल गेला. योजनांनी काय केलं? मागणी येईपर्यंत निर्यातदाराला तग धरायला लावलं. मुदत आणि हमी यांचं काम तेवढंच असतं. ती पूल बांधतात, आणि पलीकडे जमीन असेल तरच पूल उपयोगाचा.

पर्यटनाला पलीकडची जमीन दोन वर्षं दिसलीच नाही. एक उदाहरण सांगतो. जून २०२१ मध्ये घोषणा झाली की पहिल्या ५ लाख परदेशी पर्यटकांना व्हिसा फुकट, मुदत ३१ मार्च २०२२. पण पर्यटक व्हिसा द्यायला सुरुवात झाली ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२१ मध्ये. आणि नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं सुरू झाली २७ मार्च २०२२ ला. फुकट व्हिसाची मुदत संपायला तेव्हा चार दिवस राहिले होते.

१८:१० दुसऱ्या देशांनी काय केलं

ब्रिटनने घरी बसलेल्या नोकरदारांच्या पगाराचे ८० टक्के, महिन्याला २,५०० पौंडांपर्यंत, सरकारी तिजोरीतून दिले. थायलंडने जुलै २०२० पासून आपल्याच लोकांना हॉटेलच्या बिलात ४० टक्के सूट दिली. एकाने बुडालेली कमाई भरून दिली, दुसऱ्याने गिऱ्हाईक आणून दिलं. ते श्रीमंत आहेत, त्यांचे कामगार सरकारी नोंदीत आहेत, आपल्याला तेवढं झेपलं नसतं, हे मान्य. पण मदतीचा आकार नुकसानीच्या आकारासारखा असावा, हे तत्त्व पैशावर अवलंबून नाही.

आपल्याकडेही थेट पैसे दिले गेले. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत महाराष्ट्र सरकारने परवानाधारक रिक्षावाल्यांना आणि नोंदणीकृत फेरीवाल्यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. राज्याने हॉटेलांना उद्योगाचा दर्जा दिला, १ एप्रिल २०२१ पासून वीज-पाणी औद्योगिक दराने. कृषी पर्यटनाचं धोरण २०२० मध्ये आलं. पण शब्द पुन्हा तेच ऐका: परवानाधारक, नोंदणीकृत, दर्जाप्राप्त.

१९:१५ कागद

आता कुणी म्हणेल, नोंद नसलेल्या माणसाला सरकार पैसे देणार तरी कसे? प्रश्न बरोबर आहे. खोटी नावं घुसतात, हे आपण बघितलंय. पण याच देशात मोठ्या संकटात नोंद नसलेल्यांना रेशन दिलं गेलं, कामगारांची नव्याने नोंद करायला पोर्टल उभं राहिलं. संकट आल्यावर नोंद सुरू करण्यापेक्षा ती आधी करायला हवी होती. अजिंठ्यासारख्या ठिकाणी कोण कशावर पोट भरतो, याची यादी करायला महामारी लागू नये. ही सरकारची जबाबदारी, आणि ग्रामपंचायतीपासून पर्यटन खात्यापर्यंत सगळ्यांची.

पण आपल्या हातातलंही थोडं आहे. घरात छोटा धंदा असेल तर हे चार कागद आज तपासा, सगळे मोबाईलवरून होतात:

१. उद्यम नोंदणी. आधार-पॅन लागतं, फी शून्य. कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. सरकारी पोर्टलवर स्वतः करा.

२. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड. फी ५०० रुपये. शेतमाल बाहेर पाठवायचं डोक्यात असेल तर हा आधी, आणि मग अपेडाची नोंदणी. आयईसीची माहिती दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करावी लागते, नाहीतर कोड बंद पडतो.

३. धंद्याचं चालू खातं. सगळी विक्री रोखीत असेल तर बँकेच्या लेखी तुमचा धंदाच नाही. थोडी तरी विक्री खात्यातून फिरू द्या.

४. पर्यटनात असाल तर मान्यता. गाईडसाठी केंद्राचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स आहे. लॉज-होमस्टेवाल्यांनी पर्यटन खात्याकडे नोंद करून घ्या.

याने पुढच्या संकटात पैसे मिळतीलच असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी जेव्हा कुणीतरी क्वेरी चालवेल, तेव्हा त्यात तुमच्या घरातल्या माणसाचं नाव दिसायला हवं.

२०:४० जाता जाता

पुढच्या वेळी टीव्हीवर एवढ्या लाख कोटींचं पॅकेज आलं की १३० कोटींनी भागू नका. तीन प्रश्न विचारा. यात मुदत किती, हमी किती आणि हातात पैसा किती? कुठल्या तारखेच्या कुठल्या कागदावर हे मिळणार? आणि ज्याचा माल रोज संध्याकाळी सडतो, त्याच्यासाठी यात काय आहे?

आज रात्री जेवताना घरी विचारून बघा की २०२० मध्ये आपल्या धंद्याला यातलं काय मिळालं होतं आणि काय नाही. तुमच्या गावातल्या लॉजवाल्याची, गाडीवाल्याची, केळीवाल्याची गोष्ट आम्हाला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. नावं न घेता पुढच्या भागात ऐकवू. तोवर काळजी घ्या. राम राम!